कवेलू चढवून राहिलो

त्रिंबक मुळ्ये देवरूखकडचा. मुंबईला एका कापसाच्या पेढीवर कारकुनीला लागला आणि वर्ष भरायच्या आत पेढीने त्याला वऱ्हाडात धाडलं. तिकडे अमेरिकेत लढाई पेटली होती. तिथला कापूस विलायतेला जायचा थांबला आणि वऱ्हाडातल्या बोंडांना कधी नव्हे तो भाव आला. निघताना आई म्हणाली, "वऱ्हाड म्हणजे मोगलाईच ना रे? परमुलूख तो. तुला तिथे कोण समजून घेणार?"

त्रिंबक हसला. "परमुलूख कसला आई? मराठीच तर बोलतात."

अमरावतीला पोचल्यावर पेढीच्या डॉब्सन साहेबाने त्याला दोन कामं नेमून दिली. दिवसभर कापूस बाजारात उभं राहून तोलाई बघायची, आणि वलगावच्या वाटेवर, गावाबाहेर, साहेबासाठी बंगला बांधून घ्यायचा. साहेब स्वतः अकोल्याला तंबू ठोकून खरेदी करत होता. त्याची मेम मुंबईहून यायची होती, तिला दिवस गेलेले होते, आणि उन्हाळा लागायच्या आत तिच्या डोक्यावर छप्पर हवं, एवढं साहेबाने त्याला तीनतीनदा बजावलं.

छप्पर घालायला माणसं हवीत. ती कुठे होती? ज्याला हात होते तो कापूस वेचायला गेलेला, ज्याच्याकडे बैल होते तो गाड्या हाकत होता, आणि उरलेसुरले रेल्वेच्या भरावावर माती टाकत होते. त्रिंबक रोज सकाळी बाजाराच्या तोंडाशी उभा राही. लोक थांबत, त्याचं बोलणं ऐकत, एकमेकांकडे बघत आणि चालू लागत. अखेर रेल्वेच्या मुकादमाशी भांडून परतलेला नबी मिस्त्री त्याला भेटला. नबीने मैनाबाईला आणलं. मैनाबाई वलगावची, पन्नाशीची, आवाज खणखणीत. चुना मळणं, गारा वाहणं, भिंती रंगवणं, हे सगळं तिच्याबरोबरच्या बायका करत आणि त्या बायका फक्त तिचं ऐकत.

काम सुरू झालं आणि त्रिंबकचा गोंधळही सुरू झाला. फळ्या मागितल्या तर "फयी कोनती, आंब्याची का सागाची?" असा उलटा सवाल येई आणि फयी म्हणजे आपली फळीच हे समजायला त्याला वेळ लागे. कौलांना ही माणसं कवेलू म्हणत. "काहून" म्हणजे "का", हे कळेपर्यंत तो दरवेळी "कुठून?" असं समजून उत्तर देत होता.

एकदा दुपारी बाजारात नबीचा निरोप आला. "मिस्त्री म्हनते, मागची भिंत बांधून राहिलो." म्हणजे बांधून झाली आणि आता थांबून राहिलेत, असं त्रिंबक समजला. कापसाच्या गर्दीत त्याला आठवडाभर तिकडे फिरकता आलं नाही. मग गेला तेव्हा भिंत खरंच पुरी उभी होती. त्याला बरं वाटलं. ही माणसं बोलतात तुटक, पण शब्दाची पक्की आहेत.

पुढच्या वेळी मैनाबाई बाजारात मीठ घ्यायला आली होती. त्याने विचारलं, "मिस्त्री काय करताहेत?"

"थे? वर माया करून राहिले."

त्रिंबकने तो शब्द मनात घोळवला. माया करून राहिले! मिस्त्रीने पैसा गोळा केला, साहेबाच्या लाकूडविटांवर हात मारून गबर होऊन बसला, आणि ही बाई ते मिठाचा भाव सांगावा तसं सांगते! त्याने काही विचारलं नाही. पण त्या दिवसापासून नबी हसला तरी त्याला वेगळंच दिसू लागलं.

माघात अकोल्याहून साहेबाचं बोलावणं आलं. निघायच्या घाईत त्रिंबकला बंगल्यावर जाता आलं नाही, पण नबी रस्त्यातच भेटला. डोक्याला मुंडासं, दाढीत लाल मातीचा धुरळा.

"छपराचं काय?" त्रिंबकने बैलांच्या दमणीतूनच विचारलं.

"कवेलू चढवून राहिलो मुनशीजी. बेफिकीर रहा."

अकोल्याच्या तंबूत मुंबईहून आलेली मेम बसली होती. चेहरा उन्हाने लाल झालेला, हातात पंखा. त्रिंबकने साहेबाला छातीठोक सांगितलं, भिंती झाल्या, छप्पर झालं, रंग तेवढा राहिला. साहेबाने त्याच दिवशी सामान भरायला सांगितलं. खाटा, पेट्या, एक आरसा, कापसाच्या गादीत गुंडाळलेली काचेची भांडी. मेमची गाडी पुढे, सामानाच्या मागे, आणि सगळ्यांच्या पुढे त्रिंबक, जिंकून आल्यासारखा.

बंगला दिसला. छपराच्या एका बाजूला कौलं होती. दुसऱ्या बाजूला नुसते वासे, आणि त्यांतून आभाळ. वर नबी उभा होता, हातात एक कौल.

मेम गाडीतून उतरून आत गेली, जिथे सावली होती तिथे आपल्या पेटीवर बसली आणि वर बघत राहिली. साहेबाने मग त्रिंबककडे पाहिलं. ते पाहणं त्रिंबकला सोसवलं नाही.

"मिस्त्री!" तो ओरडला. "खाली या! कवेलू चढवून राहिलो म्हणालात ना?"

"म्हनलो ना. चढवूनच राहिलो." नबीने हातातलं कौल दाखवलं. "हे काय?"

"माझ्या तोंडावर खोटं बोललात! आणि ती माया? वर माया करून राहिलात, मला सगळं ठाऊक आहे!"

नबी गोंधळला. वासे आणि भिंत यांच्यामध्ये अर्धवट टाकलेल्या फळ्यांकडे त्याने बोट केलं. "ते काय, अर्धं झालं. आठ दिवसांत पुरं होईन."

"अर्धं झालं? तोंड वर करून सांगता?"

"मंग वर केल्याबिगर दिसन कसं?"

त्रिंबकला वाटलं, हा माणूस चारचौघांत आपली टर उडवतो आहे. त्याच्या तोंडून शब्द गेला, "चोर! सगळे चोर आहात!"

खाली चुना मळणाऱ्या बायकांचे हात थांबले. मैनाबाईने पाय धुतले, लुगड्याचा काष्टा नीट केला आणि म्हणाली, "चाला व." बायका निघाल्या. नबीने हातातलं कौल हळूच रचलेल्या कौलांवर ठेवलं आणि तोही उतरून गेला. आरडाओरड कुणीच केली नाही. त्रिंबकला त्याचंच जास्त नवल वाटलं. चोर असे जातात?

मग साहेबाने आवारात तंबू ठोकला. ऊन रोज चढत होतं. त्रिंबकने बाजार पालथा घातला, दारोदार फिरून माणसं विनवली, पण वलगावच्या बायकांना चोर म्हणणाऱ्या मुनशीची गोष्ट त्याच्या आधी तिथे पोचली होती. साहेबाने अखेर सांगितलं, ती माणसं परत आण, नाहीतर तूही जा.

तो वलगावला चालत गेला. मैनाबाईचं घर विचारत शेवटच्या गल्लीत पोचला. दारात तिची सून शकुन अंगण सारवत होती.

"मैनाबाई आहेत?"

"हायेत. भाकरी थापून राहिल्या."

म्हणजे थापून झाल्या, आता मोकळ्या असतील. तो लिंबाखाली बसला. बराच वेळ कुणी आलं नाही. त्याने पुन्हा विचारलं. शकुन म्हणाली, "सांगतलं ना, थापून राहिल्या." घरातून थापण्याचा आवाज येत होता. थप, थप, थप. त्रिंबक कान देऊन ऐकत राहिला.

"बाई," तो म्हणाला, "भाकरी झाल्या की व्हायच्या आहेत?"

"आता? होऊन राहिल्या."

"संपल्या?"

शकुन हातातलं शेण तसंच धरून त्याच्याकडे बघू लागली. माणूस उन्हाने भ्रमला की काय! तिने सासूला हाक मारली. मैनाबाई पिठाच्या हातांनी बाहेर आली, त्याला पाहून उंबऱ्यातच थांबली.

त्रिंबक उभा राहिला. "मैनाबाई, तुम्ही आत्ता काय करत होतात?"

"भाकरी थापून राहिली होती. काहून?"

"आमच्याकडे त्याला 'थापत होते' म्हणतात. 'थापून राहिले' म्हणजे काम उरकून थांबले. मिस्त्री म्हणाले कवेलू चढवून राहिलो, मला वाटलं चढवून झाली." आणि मग, घाबरत घाबरत, "आणि ती माया?"

"घरावरचा माया. सामान ठेवाले."

"माळा?"

"हो, माया."

शकुन तोंडाला पदर लावून आत पळाली आणि आतून तिचं हसणं फुटलं. त्रिंबकलाही हसू येत होतं, पण मैनाबाई हसली नाही.

"तुमाले आमची बोली नाई समजली, तं विचारायचं होतं," ती म्हणाली. "चोर म्हनाले कोनती बोली लागते? थे तं आमाले बरोबर समजलं."

तो खाली मान घालून उभा राहिला. पाणी विचारावं की नाही या अडचणीत शकुन दारात घुटमळली. तो ब्राह्मण, घेईल कसा? मग तिने हात धुऊन ओंजळभर बोरं आणून त्याच्या उपरण्यात टाकली. त्याने ती खाल्ली.

"जे सगयांसमोर बोलले," मैनाबाई शेवटी म्हणाली, "थे सगयांसमोर फिरवा. नबीभाऊच्या घरी मी सांगाले जातो."

दुसऱ्या दिवशी बंगल्याच्या आवारात त्रिंबकने बायकांसमोर, साहेबासमोर, नबीसमोर हात जोडले. काय बोललो ते त्याला नंतर आठवलं नाही. नबीने दाढी खाजवली. "जाऊ द्या मुनशीजी," म्हणाला आणि शिडी लावली. पण पुढे कितीतरी दिवस तो त्याच्याशी कामापुरतंच बोलला.

छप्पर पुरं झालं. रंगाची वेळ आली आणि मेमने पहिल्यांदाच काही मागितलं. साहेबाने त्रिंबकला इंग्रजीत सांगितलं, तिला खोली लोण्याच्या रंगाची हवी, तिच्या माहेरी तशी होती. त्रिंबकने मैनाबाईला सांगितलं. बायकांनी घोटून चुना काढला, खोली लख्ख पांढरी केली. मेमने मान हलवली. नाही. लोणी. त्यांनी आणखी एक हात दिला. मेम रडकुंडीला आली.

मैनाबाईने घरून म्हशीचं लोणी आणलं, पानावर ठेवून भिंतीला लावून दाखवलं. "हे घ्या. हाच रंग नाई का?"

मेम त्या पांढऱ्या गोळ्याकडे पाहतच राहिली. बोट लावून चाखलं. लोणीच होतं. ती साहेबाला काहीतरी म्हणाली, साहेबाने खांदे उडवले आणि त्रिंबकला सांगितलं, तिच्या देशात लोणी पिवळं असतं.

"पिवयं?" मैनाबाई म्हणाली. "नासलेलं का?"

त्रिंबकला हे साहेबाला कसं सांगावं कळेना, म्हणून त्याने सांगितलंच नाही. मैनाबाईने पिवडी माती भिजवली, चुन्यात थोडी थोडी घालत गेली आणि दर वेळी मेमच्या चेहऱ्याकडे पाहत गेली. एका जागी मेमचा हात वर झाला. तिथे थांबली.

खोली वाळली तेव्हा मेम एकटीच आत गेली. भिंतीला तळहात टेकवून उभी राहिली. खांदे हलत होते. दारात नबी, मैनाबाई आणि त्रिंबक उभे होते. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं, पण आत जायला कुणी धजलं नाही. थोड्या वेळाने तिने मागे न वळता साहेबाला हाक मारून खाट त्याच खोलीत आणायला लावली.

त्यावरून त्रिंबकने धरलं की रंग पसंत पडला असावा. चैत्रात त्या खोलीत मुलगी झाली, तेव्हा मैनाबाई सुईणीला घेऊन आली होती. मेम तिचा हात धरून खूप वेळ काहीतरी बोलली. मैनाबाईने ते सगळं ऐकून घेतलं आणि मान डोलावली. बाहेर आल्यावर तिने त्रिंबकला विचारलं, बाई काय म्हणत होती. त्रिंबकला दारामागून नीट ऐकू आलं नव्हतं, पण या वेळी त्याने अंदाजाने काही सांगितलं नाही; "विचारून सांगतो," म्हणाला.