माइकवरचा हात

आजवर सगळं गाव माझ्यात बोललं. आज मीच बोलतोय. मी मॅसॅच्युसेट्समधल्या एका छोट्या गावाच्या टाऊन हॉलमधला माइक. माझी जाळी एका बाजूला चेपलीय, कारण रस्त्यावरच्या बर्फावरून भांडताना एका आजोबांनी मला आपटलं होतं. माणसं येतात, मला टिचक्या मारतात आणि विचारतात, 'ऐकू येतंय का?' अहो, येतंय की!

खासगी काही बोलायचं झालं की माणसं माझ्यावर हात ठेवतात. त्यांना वाटतं, मी बहिरा झालो. त्या हाताचीच ही गोष्ट.

दोन वर्षांपूर्वी गावसभेत एकच विषय तापला होता. गावच्या पोलिसांच्या जागा राज्याच्या सिव्हिल सर्व्हिसच्या नियमांतून काढायच्या की नाही? काढल्या तर भरती गाव स्वतः करणार. नाहीतर राज्याची परीक्षा आणि वयाची अट तशीच राहणार.

मागच्या रांगेत स्वानंदी बसली होती. ती इथेच जन्मली, वाढली. गावच्या पोलीस ठाण्यात मदतीचे फोन घेते, पण तिला पोलीस व्हायचं होतं. राज्याच्या परीक्षेच्या दिवशी बर्फाचं वादळ आलं आणि ती फोन सोडून हलली नाही. पुढच्या परीक्षेपर्यंत तिचं वय उलटणार होतं. जागा नियमांतून सुटल्या तरच तिचं जमणार होतं.

आणि विरोध करायला उठले कोण, तर तिचेच वडील, शैलेंद्रकाका. काका मूळचे नागपूरचे. त्यांच्या लेखी सिव्हिल सर्व्हिस म्हणजे कलेक्टर आणि लाल दिव्याची गाडी. लेकीला हवी असलेली नोकरी त्यातून काढतात म्हणजे काय? "या जागा सिव्हिल सर्व्हिसमध्येच ठेवा," ते तावातावानं म्हणाले.

स्वानंदी धावत आली. काकांनी माझ्यावर हात ठेवला.

"बाबा, उलटं बोलताय तुम्ही. काढल्या तरच मला अप्लाय करता येईल."

"मग घरी का नाही सांगितलंस?"

"परत तुमच्या होप्स वाढवायच्या नव्हत्या."

फार वाईट वाटलं मला. ऐकू सगळ्या हॉलला गेलं, पण बापलेक मराठीत बोलत होते. कळलं बहुतेक मला एकट्यालाच.

काकांनी हात काढला, घसा खाकरला. "मी विरोध मागे घेतो," ते म्हणाले. "यात माझ्या मुलीचा फायदा आहे, ते आधीच सांगून टाकतो. पण एक विचारतो. ओळखीच्या माणसाला आत घुसवण्याला आमच्याकडे वशिला म्हणतात. उद्या पोलीस चीफचा भाचा आला तर? किंवा माझीच मुलगी?"

सकाळपासून विरोध करत बसलेले म्हातारे सार्जंट उठले. "मला इतका वेळ हेच सांगायचं होतं," ते म्हणाले. मग ठरलं, मुलाखत घ्यायला गावकरीही बसतील आणि सगळ्यांचे गुण हॉलच्या दारावर लागतील. हात वर झाले, ठराव पास झाला. पुढे राज्याची मंजुरीही आली.

आता मी म्हातारा झालोय. नवा, बिनवायरचा माइक खोक्यात येऊन पडलाय. पण परवाचा शपथविधी माझ्यासमोरच झाला. लेकीच्या छातीवर बिल्ला लावायला काकांना बोलावलं होतं. सवय थोडीच जाते! माझ्यावर हात ठेवून त्यांनी हळूच विचारलं, "वशिला नाही ना लागला?"

"नाही, बाबा. थर्ड आले मी. तीनच घेतले."

काकांचा हात अजून माझ्यावरच होता. अहो काका, आता तरी हात काढा. हे गावाला कळेल असं इंग्रजीत सांगा.