अर्ध्या मिलिमीटरचं वैर

मी एक जुनं कार्ड आहे, मित्रांनो. आधी हात पुसा, मगच जवळ या. माणसाच्या बोटांचा मला मनापासून तिटकारा आहे, आणि तो का, हेच सांगायला बसलोय.

चॉकलेटच्या पाकिटात घालायला खेळाडूंची चित्रं छापायचे, त्या छापखान्यात मी जन्मलो. माझ्यावर एक गोलरक्षक आहे. छापणाऱ्याला डुलकी लागली असावी, कारण गोलरक्षकाचा निळा सदरा हिरवा छापला गेला. मालकाने दुपारी चूक पकडली आणि छापणाऱ्याची खरडपट्टी काढली. तोवर शंभरेक हिरवे पाकिटांत जाऊन बसले होते. त्या चुकीमुळेच आज मला भाव आहे. निळ्याला कुत्रं विचारत नाही.

मी ज्या पाकिटातून निघालो, ते एका बहीणभावाने पैसे जमवून घेतलेलं. म्हणून कार्डही दोघांचं. "डावी बाजू माझी, उजवी तुझी," ताई म्हणाली. त्यावरून रोज ओढाताण. माझे चारही कोपरे त्यातच मऊ पडले. पुढे ताईने मला वहीत घालून ठेवलं, ते बावीस वर्षं कुणी ढुंकून पाहिलं नाही. दोघं मोठी झाली, कामापुरतं बोलू लागली.

ताई कपडे शिवते. तिचं जुनं मशीन दर दहा मिनिटांनी दोरा तोडायचं. "कार्ड विकू या," ती भावाला म्हणाली. "माझ्या अर्ध्यात नवं मशीन येईल. तू दुकानात दाखवून ये." आणि तिने विश्वासाने मला त्याच्या हाती दिलं.

या शहाण्याने काय करावं? मऊ कोपरे बघून पट्टी नि ब्लेड घेतलं आणि माझ्या चारही कडा छाटल्या. "आता कसं कोरं दिसतंय," स्वतःवरच खूश. मी मनातल्या मनात शिव्या घालत होतो.

कार्डांच्या दुकानदाराने एक निळा गोलरक्षक काढला आणि माझ्यावर ठेवला. तो चारही बाजूंनी केसभर बाहेर आला.

"कापलंय हे," दुकानदार म्हणाला. "मऊ कोपऱ्यांसकट आणलं असतंत, तर मागाल तेवढे दिले असते. आता निळ्याचा भाव देतो."

संध्याकाळी ताईने सगळं ऐकून घेतलं.

"किती कापलंस?"

"अर्धा मिलिमीटर. चांगल्यासाठीच केलं गं, ताई."

"कापायचं काम मी करते. मला विचारायला तुझं तोंड दुखत होतं?" तिने मला दिव्याखाली धरलं. "डावीकडूनही कापलंस?"

त्याने मान डोलावली.

"उजवीकडून हवं तेवढं कापायचं होतंस. ती तुझी होती."

तिने मला परत वहीत घातलं आणि जुन्या मशीनवर जाऊन बसली.

मित्रांनो, जुन्या वस्तूला नवं करायला जाऊ नका. हात शिवशिवत असतील तर खिशात घाला. माझे कोपरे मऊ केले होते ते त्या दोघांच्याच बोटांनी, लहानपणी. त्याने तेवढेच नेमके कापले आणि केरात टाकले.