चौकीतल्या बाकड्याचा चौथा पाय

मी एक जुनं बाकडं आहे. पोलीस चौकीच्या व्हरांड्यात, तक्रारी लिहून घेणाऱ्या जमादाराच्या टेबलासमोर माझी जागा. मित्रांनो, बाकड्याला कान नसतात असं मोठी माणसं समजतात. म्हणून माझ्यापुढं वाट्टेल ते बोलतात.

एका म्हाताऱ्या सुतारानं मला चार दणकट पायांवर उभं केलं. पहिल्या दिवशी साहेबांनी थाप मारून म्हटलं, "वा! हत्ती बसला तरी हलणार नाही." हत्ती कधी आला नाही. बाया आल्या. कुणाचा डोळा सुजलेला, कुणाची बाही फाटलेली. बसायच्या मात्र अगदी कडेला, जणू गुन्हा त्यांनीच केला होता.

एकदा एकीचा नवरा मागोमाग आला. तिनं मला दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. त्यानं तिला खेचलं, तसा माझा चौथा पायही निखळला. जमादार म्हणाला, "घरचं भांडण आहे, घरी जा." मग त्यानं माझ्या निखळलेल्या पायाखाली वीट सरकवली, झालं! पुढे त्याच्या लक्षात आलं की डुगडुगत्या बाकड्यावर कुणी फार वेळ टिकत नाही. सुताराला बोलवा म्हटलं की तो हसायचा, "नीट केलं की लोक बसून राहतात!" लाज मला वाटायची, त्याला नाही.

मग ती आली. फर्निचरच्या कारखान्यात पॉलिश करणारी, नखांत तपकिरी रंग मुरलेला. मुकादमानं लाकडाच्या कोठीत दार लावून तिला धरलं होतं. तिनं पॉलिशचा डबा त्याच्या तोंडावर मारला आणि सुटली. आता तिला एवढंच हवं होतं, की तक्रार लिहून घ्यावी.

"उद्या या," जमादार म्हणाला. ती दिवसभर बसून राहिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. तिचा दीर समजवायला आला.

"वहिनी, चला घरी. चार लोक काय म्हणतील?"

"त्या चौघांना इथंच बोलवा, भावजी. बाकड्यावर जागा आहे."

तिसऱ्या दिवशी दीर पुन्हा मागोमाग आला. तिनं पिशवीतून हातोडी आणि लाकडाची पाचर काढली. मला आडवं केलं आणि पाय खाचेत ठोकायला लागली.

"ओ बाई!" जमादार खेकसला. "सरकारी सामान आहे ते. हात लावायचा नाही!"

"बाकड्याला हात लावला तर लगेच दिसलं तुम्हाला. मला लावला, ते तीन दिवस सांगतेय. ते दिसत नाही?"

कारखान्यातल्या दोघी तीन दिवस फाटकाबाहेरच घुटमळत होत्या. हे ऐकून त्या आत आल्या. तिनं मला उभं केलं आणि ती बसली, तशा त्याही तिच्याशेजारी बसल्या. मग दीरही अंग चोरून टेकला. मी हललं नाही!

ठोकाठोकी ऐकून साहेब बाहेर आले. "काय चाललंय?"

"बसायची सोय," ती म्हणाली. "लिहून घेतल्याशिवाय उठणार नाही."

साहेबांनी जमादाराकडे नुसतं पाहिलं. त्यानं मुकाट्यानं लिहिलं आणि वाचून दाखवलं, "मुकादमाचा हात लागला..."

"लागला नाही. धरलं त्यानं मला. तसंच लिहा."

त्यानं खोडून पुन्हा लिहिलं.

गोड शेवट सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. खटला अजून चालूच आहे. मुकादम जामिनावर फिरतो. ती मात्र रोज मान वर करून कामावर जाते, आणि बाया आता माझ्या कडेला नाही, मधोमध बसतात.

मित्रांनो, एखादी वस्तू वर्षानुवर्षं मोडकी दिसली तर विचारा, ती कुणाच्या सोयीसाठी तशी ठेवलीय? आणि कुणी बाई न्याय मागत बसली असेल तर तिला 'घरी जा' म्हणू नका. शेजारी जाऊन बसा. मुलग्यांनो, तुम्हीसुद्धा. माझ्यावर चार जण सहज मावतात.

मी आता हलत नाही. तुम्हीही हलू नका.