चन्नवीरची टॅक्सी आणि बल्बांची माळ

भवानी पेठेत त्या सकाळी इतकी गर्दी लोटली की शेंगाचटणी विकणाऱ्या बजाबाईनं टोपली तिथंच टेकवली. मधोमध चन्नवीरची बंद पडलेली अँबॅसिडर टॅक्सी होती. स्टिअरिंगवर चन्नवीर, शेजारी झटकेबाबा आणि मागं भक्तांची फौज.

"झटक झटक, बये सटक! अंजिनातनं भाईर पटक!" गाडीत शिरलेल्या भुताटकीवर बाबा गरजले. "ढकला रं! पुण्यवान पुढं, पापी मागं!"

आता पापी कोण म्हणवून घेणार? अख्खी पेठ गाडीला चिकटली. गाडी उतारावर पळाली, आचके देत धडधडली आणि चालू झाली. नारळ फुटले, बाबांचा जयजयकार झाला.

दारातून बघणाऱ्या गुरम्माला एकच प्रश्न पडला. एवढ्या माणसांनी ढकलल्यावर चालू व्हायला बाबा कशाला लागतो?

ती या घरची नवी सून. तिच्या लग्नाच्याच आठवड्यात सासऱ्यानं, म्हणजे चन्नवीरनं, टॅक्सीची बॅटरी भरणारा जुना डायनामो काढून शेखलाल मेस्त्रीकडून नवा अल्टरनेटर बसवून घेतला होता. "आता करंटला तोटा न्हाय!" म्हणत त्यानं वरातीच्या लाइटवाल्याकडून डॅशबोर्डावरच्या सिद्धेश्वराच्या फोटोभोवती बल्बांची झोकदार माळही लावून घेतली. तेव्हापासून गाडी दिवसभर झकास पळे आणि रोज सकाळी तिची बॅटरी उतरलेली असे. शेखलालनं अल्टरनेटर तपासला, चांगला निघाला. नवी बॅटरी घातली, तीही उतरली. सगळं सामान निर्दोष ठरल्यावर दोष द्यायला माणूसच उरलं, आणि घरात नवं माणूस एकच होतं.

बाबांनी तिच्याकडं बोट केलं. "हिच्या पायगुणानं बया आलीया. आज म्या झटकली, पर ही हाय तवर ती फिरून यील. उद्याच हिला म्हायेरी घाला. सव्वा वरीस तोंड बघू नगा!"

नवऱ्यानं आपल्या चपलांकडं बघितलं. गुरम्माला रडू आलं, आणि रडण्याहून जास्त संताप आला. सव्वा वर्षानं परत आणतील याची तरी खात्री कुठं होती?

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची ट्रंक डिकीत चढली. तिला माहेरी, अक्कलकोटला न्यायला टॅक्सी सज्ज झाली आणि किल्ली फिरवल्यावर नुसती कण्हली. "बघा, बया!" गर्दी म्हणाली.

आत बसलेल्या गुरम्मानं निघताना नमस्कार करावा म्हणून फोटोला हात लावला आणि झटकन मागं घेतला. गाडी रात्रभर उभी, दारं गारठलेली, पण फोटोची चौकट गरम होती. भोवतीचे बल्ब लालसर, मलूल जळत होते.

"मामा, ही माळ रातीबी चालूच असती व्हय?"

"मग? देवाला अंदारात ठिवू?" चन्नवीर दुखावून म्हणाला. "किल्ली काढली तरी इजू नये म्हनून तार थेट बॅटरीलाच जोडून घेतलीया."

"टॉर्च रातभर चालू ठेवली तर सेल उतरतात की न्हाय? आज माळेची तार काढा. उद्या गाडी न्हाय चालू झाली तर मी चालत अक्कलकोटला जाते."

तार काढली, गाडी ढकलून चालू केली आणि दिवसभर पळवली; ट्रंक डिकीतच राहिली. दुसऱ्या दिवशी किल्ली फिरवताच गाडी गुरगुरली. लोक म्हणाले, "बाबांचा गुण जरा उशिरा आला!"

गुरम्मानं कपाळावर हात मारला. "मग आज माळ परत जोडा!"

जोडली. सकाळी गाडी पुन्हा मेली होती. मग शेखलाल हळूच पुढं आला.

"मेरेकू पयले दिनसेच शक था, भाभी. पन देवाच्या दिव्याची तार मी कशी काढू? पेठेनं माझाच अल्टरनेटर काढला असता!"

लोक हसले. गुरम्मा हसली नाही. "तुमी गप बसला म्हनून माजी ट्रंक भरली गेली, शेखलालभाई." शेखलालनं मान खाली घातली.

झटकेबाबांनी मात्र लगेच सूर बदलला. "म्या म्हनलं न्हवतं? बया तारंत लपली हुती!"

"मग तारंला म्हायेरी घाला की!" गुरम्मा म्हणाली.

पेठ इतकी हसली की बाबांनी झोळी उचलली. बजाबाई ओरडली, "अवो बाबा, जाताना गाडी ढकलून जावा!" चन्नवीर पुढं आला. त्यानं डिकी उघडली, सुनेची ट्रंक स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि घरात नेऊन ठेवली.

माळ आजही फोटोभोवती आहे, पण किल्लीबरोबर विझते, आणि देव त्यावर अजून तरी रुसलेला नाही. मंडळी, देवाला उजेड जरूर दाखवा. पण गाडी बंद पडली तर आधी तार तपासा. सुनेचे पाय तपासून आजवर एकही बॅटरी भरलेली नाही.