लख्ख घासलेला तवा

मी तवा बोलतोय, बिडाचा. जन्म व्हेनेझुएलातल्या बार्किसिमेतोचा, मुक्काम सध्या पेरूत, लिमाच्या एका उघड्याबोडक्या टेकडीवर. माझ्यावर मक्याच्या जाड भाकऱ्या भाजतात. अरेपा म्हणतात त्यांना.

माझी मालकीण नेलित्सा. तिची आई ओमाइरा मला रोज तेलाच्या फडक्याने पुसायची. साबण कधी लावू दिला नाही. त्या तेलानेच माझ्यावर काळा, तुकतुकीत थर चढला. देश सोडताना लेकीने मला शालीत गुंडाळून घेतलं, तेव्हा बसमधले लोक हसले. बाई, सोनं आणायचं सोडून लोखंड काय वाहतेस? ती म्हणाली, सोन्यावर भाकरी भाजत नाही.

लिमात सुरुवातीला बरं चाललं. मग फोन आला, आई गेली. परत जायला ना पैसे, ना धड कागदपत्रं. नेलित्साने फोन ठेवला आणि मला पलंगाखाली सारलं. त्यानंतर शेगडी पेटली नाही. तिला झोप येईना, काम सुटलं. रडली मात्र नाही. मी अंधारात पडून तिच्या येरझाऱ्या ऐकायचो. मला फार एकटं वाटायचं, तिचं काय होत असेल?

शेजारची हर्मेलिंदा तिथलीच. परमुलखातून आलेल्या बायकांना ती शनिवारी आरोग्य केंद्राच्या खोलीत जमवायची, बोलतं करायची. नेलित्सालाही बोलवायला यायची.

"ताई, मी काही वेडी नाही," नेलित्सा दारातूनच म्हणायची. ताकास तूर लागू द्यायची नाही.

हर्मेलिंदा वस्ताद. एकदा म्हणाली, या शनिवारी बायका अरेपा करणार आहेत, तुझा तवा तेवढा दे. त्याला नाही कसं म्हणणार?

परत देताना मात्र घोटाळा झाला. उसनं भांडं लख्ख करून द्यावं, ही हर्मेलिंदाची रीत. साबण आणि तारेची घासणी घेऊन तिने मला असं घासलं, की मी राखाडी, उघडा पडलो.

मला पाहताच नेलित्साने मला ओढून घेतलं आणि ती फरशीवर बसली. "हे काय केलंत, ताई? एवढीच उरली होती ती माझ्याकडे."

"कोण गं पोरी?"

"आई. माझी आई गेली. मी मातीलाही जाऊ शकले नाही."

मग तिने हंबरडा फोडला. हर्मेलिंदाने सारवासारव केली नाही. दिवेलागणीपर्यंत तिच्याजवळ फरशीवर बसून राहिली. पुढच्या शनिवारी नेलित्सा मला घेऊन त्या खोलीत गेली आणि मला तेल चोळता चोळता चारचौघींत आईबद्दल बोलली.

आता मी तिथेच खिळ्याला असतो. एकटीसाठी काय भाजायचं, असं ती म्हणते. शनिवारी पोटभर जेवते, झोप अजून नीट नाही. भाकऱ्या मला चिकटतात, बायका शिव्या घालतात. नवा थर चढेल, पण तो ओमाइराच्या हातचा नसेल. आठवडाभर रिकाम्या खोलीत नेलित्साची फार आठवण येते.

एवढंच मागणं आहे. तुमच्या शेजारी दूरदेशाहून आलेली कुणी गप्प बाई राहत असेल, तर तिला काय झालंय म्हणून छेडू नका. तिच्याकडे काहीतरी उसनं मागा. आणि परत द्यायला जाल तेव्हा थोडा वेळ बसायच्या तयारीने जा.