माझ्या काचेवरची निळी विहीर

मित्रांनो, मी कॉम्प्युटरचा एक जुना रंगीत पडदा आहे. मॉनिटर म्हणतात मला. सध्या आदिलाबादच्या एका घराच्या माळ्यावर, गंजलेल्या कुलरशेजारी माझा मुक्काम आहे. माझी काच अजून शाबूत आहे. मन मात्र एका गोष्टीने पोखरलं आहे, आणि तीच तुम्हांला सांगायची आहे.

मी कुठल्या कारखान्यात तयार झालो ते मला आठवत नाही. १९९३ साली हैदराबादच्या दुकानातून सुधाकररावांनी मला घेतलं, तेव्हापासूनचं सगळं आठवतं. रजईत गुंडाळून, बसमध्ये मांडीवर घेऊन त्यांनी मला आदिलाबादला आणलं. सख्ख्या नातवालाही कुणी इतकं जपून आणलं नसेल.

सुधाकररावांचा धंदा नकाशे काढण्याचा. बसस्टँडजवळ एका खोलीत त्यांचं ऑफिस होतं. वीस वर्षं त्यांनी उतरत्या टेबलावर काम केलं होतं. खाली गावाचा मूळ नकाशा पसरायचा, त्यावर पातळ ट्रेसिंग कागद लावायचा आणि खालचं पाहून वर नव्या रेघा ओढायच्या. काम संपलं की छपाईला देण्याआधी ते वरच्या कागदाचा कोपरा उचलत आणि खालचं गाव एकदा नीट पाहून घेत. ही त्यांची नेहमीची रीत होती. मी आलो आणि ते टेबल भिंतीला लागलं. कानामागून आली आणि तिखट झाली, असं त्या टेबलाने माझ्याबद्दल म्हटलं असेल, तर ते खोटं नव्हतं.

मला रंगांचा फार तोरा होता. लोक मला पाहायला येत. "नकाशा काढनारा टीव्ही" म्हणत आणि चहा पिऊन जात. सुधाकरराव रोज मला धोतराच्या मऊ तुकड्याने पुसत. माझी काच लवकर म्हातारी होऊ नये म्हणून उजेडाचं बटणही ते कमीच ठेवत.

आता कामाची पद्धत सांगतो. गावाचा नकाशा कॉम्प्युटरमध्ये एकदा भरून ठेवलेला असे. त्यात बांध हिरवे, घरं पिवळी, विहिरी निळ्या. नवा रस्ता काढायचा असला की तो सबंध नकाशा खाली बोलवायचा आणि वर लाल रेघांनी रस्ता काढायचा. पण खालचं गाव इतकं भडक दिसे की रस्ता कुठे हरवला ते कळेना. म्हणून सुधाकरराव गावाचे सगळे रंग बदलून गडद राखाडी करत. माझ्या काळ्या पडद्यावर मग गाव दबून जाई आणि रस्ता उठून दिसे.

यात एकच कटकट होती. कॉम्प्युटर बंद करून सकाळी पुन्हा सुरू केला की गावाचे मूळचे रंग जसेच्या तसे परत येत. सुधाकरराव कपाळाला हात लावत.

"रोज सकाळी हे गाव रंग खेळूनच बसून राह्यते," ते म्हणत, आणि एकेक रंग पुन्हा बदलत बसत. त्यात पाव तास जाई. पण त्या पाव तासात सगळं गाव त्यांच्या डोळ्यांखालून जाई, हे तेव्हा त्यांनाही कळलं नाही आणि मलाही नाही.

पुढच्या वर्षी तामसी गावापलीकडच्या एका खेड्याच्या रस्त्याचं काम आलं. काळी जमीन. पावसाळ्यात बस तीन मैल अलीकडेच थांबे. ठेका केशवरावांचा होता आणि नकाशा सुधाकररावांकडे. एके दुपारी त्या गावच्या देवकाबाई ऑफिसात आल्या. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर पिकवायच्या आणि टोपली डोक्यावर घेऊन बसपर्यंत चालत यायच्या. रस्ता त्यांनाही हवाच होता. पण रस्ता त्यांच्या शेताजवळून जाणार होता.

"माही विहीर तुमच्या नकाशात हाय का जी?" त्यांनी दारातूनच विचारलं.

"या, तुमीच पाहून घ्या," सुधाकरराव म्हणाले. त्यांनी विहिरींचा रंग तेवढ्यापुरता पुन्हा निळा केला. माझ्या काचेवर एक छोटा निळा गोल उमटला. "हे पाहा. रस्ता हिच्यापासून पंधरा फूट दूर हाय."

देवकाबाई इतक्या वाकल्या की त्यांचं नाक मला लागायचंच राहिलं. "एवढुशा गोलात माह्या साऱ्या वाफ्यांचं पानी हाय म्हना," असं म्हणून त्या हसल्या आणि निर्धास्त होऊन गेल्या. मी त्या दिवशी फुशारलो होतो.

त्याच आठवड्यात सुधाकररावांना एका जाड पुस्तकात एक युक्ती सापडली. एक सेटिंग बदललं की फिके केलेले रंग फिकेच राहतात, सकाळी परत येत नाहीत. त्यांनी ते बदललं आणि शेजारच्या हॉटेलातून भजी मागवली. गाव मग कधी रंगलं नाही. विहिरीही राखाडीच राहिल्या.

थोड्या दिवसांनी केशवराव घाईघाईने आले. नाल्यावरच्या मोरीची, म्हणजे छोट्या पुलाची, जागा बदलली होती.

"वळनावर रस्ता वीस फूट पूर्वेला घ्या. आजच नकाशा पाह्यजे," ते म्हणाले.

सुधाकररावांनी लाल रेघा उचलल्या आणि वीस फूट सरकवल्या. त्या रेघांखाली देवकाबाईंची विहीर होती. मित्रांनो, मी ती दाखवत होतो. पण काळ्यावर गडद राखाडी, त्यात उजेड कमी आणि खिडकीचं ऊन काचेवर. इतकं फिकं दाखवणं म्हणजे न दाखवणंच. दृष्टिआड सृष्टी म्हणतात ना, तसं झालं. माझ्यावर उचलून पाहायला कागदाचा कोपरा नव्हता, आणि ती रीत टेबलाबरोबर भिंतीला लागली होती. छापील नकाशातही ती विहीर कुणाच्या नजरेत भरली नाही.

पुढचं मी देवकाबाईंच्याच तोंडून ऐकलं. शेतात चुन्याची आखणी झाली, तेव्हा शेजारचे डोमाजी त्यांना म्हणाले होते, चुना विहिरीवरून गेला आहे, जाऊन सांगा. देवकाबाई गेल्या नाहीत. चुना टाकणाऱ्याचा हात चुकला असेल, नकाशा कसा चुकेल? नकाशातली विहीर त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. बाजाराच्या दिवशी त्या वांगी घेऊन आदिलाबादला आल्या, आणि परत गेल्या तेव्हा विहीर मुरमाने भरलेली होती.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या. ओरडल्या नाहीत.

"तुमच्या टीव्हीत होती ना जी माही विहीर?"

सुधाकररावांनी तो नकाशा माझ्यावर उघडला. त्यांनी विहिरींना निळा रंग दिला. दोन लाल रेघांच्या बरोबर मधोमध तो गोल उमटला, पहिल्यासारखाच स्वच्छ.

"हाय की," देवकाबाई हळूच म्हणाल्या. "इथं तं अजून हाय."

सुधाकरराव खाली मान घालून बसले. "मीच तिले फिकी केली होती, देवकाबाई. मले दिसली नाई. चूक माही हाय."

"तुमी तं दाखवली होती जी," त्या म्हणाल्या. "मीच पाहून निवांत बसली."

हे वाक्य मला आजही छळतं. कारण त्यांनी भरवसा ठेवला तो माझ्यावर. सुधाकरराव केशवरावांकडे गेले, गावात गेले, रस्ते खात्याच्या साहेबांपुढे हात जोडले. बुजलेली विहीर कुणी उकरली नाही. सुधाकररावांनी ते सेटिंग बदलून पूर्वीसारखं केलं आणि पुढे रोज सकाळी पाव तास त्यावर घालवला. नंतर मोठा पडदा आला आणि मी माळ्यावर गेलो. त्याचं मला दुःख नाही.

मित्रांनो, मला पुसू नका, खाली काढू नका. एवढंच करा. आपलं काम उठून दिसावं म्हणून दुसऱ्याचं काही फिकं करावं लागलं, तर हातावेगळं करण्याआधी त्याला एकदा त्याचा रंग परत द्या आणि डोळे भरून पाहा. पाव तास जाईल, जाऊ द्या.

तो रस्ता चांगला झाला म्हणतात. भर पावसातही बस आता गावापर्यंत जाते. देवकाबाई तिथूनच बसमध्ये चढतात आणि दुसऱ्यांच्या कापसात तण निंदायला जातात. डोक्यावर टोपली नसते.