किल्ली तेवढी काढ

"स्कूटरची किल्ली तेवढी काढत जा गं, पोरगा पुढं उभा असतो," सासूबाई बजावायच्या. युन्रु हसून म्हणायची, "आई, अंड्याची पोळी घ्यायला कितीसा वेळ लागतो?" तैवानातल्या जियायी शहरात सगळेच स्कूटर घुरघुरत ठेवून नाश्त्याच्या गाडीपाशी उतरतात. मुलाच्या साध्या खोकल्यानं दचकणारी, शिकलीसवरलेली युन्रु याच एका बाबतीत निर्धास्त होती.

त्या सकाळी तिची पाठ वळली आणि पुढं उभ्या पोरानं, यानयाननं, हँडलची मूठ पिळली. स्कूटर सुटली तशा सोबत आलेल्या सासूबाई आडव्या गेल्या. पोराला खरचटलंही नाही. त्या मात्र स्कूटर आणि खांबामध्ये चेपल्या.

दवाखान्यात त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. नर्सनं कमरेभोवती रुंद पट्टा गुंडाळला.

"काय झालं, आजी?" डॉक्टरांनी विचारलं.

"घसरले."

"घसरून एवढं मोडत नाही. आत रक्त जातंय. मार समोरून बसला की कुशीवर? त्यावर पट्टा किती आवळायचा ते ठरतं."

"घसरले म्हटलं ना! म्हातारीवर विश्वास नाही होय?" डोळे मात्र सुनेवर रोखलेले: गप्प राहा.

आणि युन्रु गप्प राहिली. क्षणभरच, पण राहिली.

मग म्हणाली, "चालू स्कूटर. समोरून. माझी."

नर्सनं पट्टा करकचून ओढला.

कमरेच्या हाडांची कडी पुढून फाकली होती, मागचा सांधा निखळला होता. आधी बाहेरून सळ्यांची चौकट बसवली. रक्त थांबून जीव तरल्यावर पुन्हा शस्त्रक्रिया करून पुढं धातूची पट्टी आणि मागं लांब स्क्रू घातले. पाय जमिनीला कधी टेकवायचा, ते डॉक्टर अजून सांगत नाहीत.

"बोलायची काय गरज होती?" शुद्धीवर आल्यावर सासूबाई म्हणाल्या. "जन्मभर लोक पोराला ऐकवतील."

"किल्ली मी ठेवली, आई. त्यानं नाही."

"बरं. मग माझ्यासाठी आणतेस त्या सूपमध्ये मीठ तरी घालत जा."

"दुखतंय का?" असं युन्रु रोज विचारते. त्या "छे!" म्हणतात. पण ती दाराबाहेर गेली की आतून कण्हणं ऐकू येतं.

म्हणून ती आता भेटेल त्याला विनवते, तुम्हालाही: दवाखान्याच्या बाजूला गेलात तर हाडांच्या वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेवर माझ्या सासूबाई, लिन आजी आहेत. जरा डोकावा. मी पाठवलंय म्हणू नका. दुखतंय का, एवढंच विचारा, आणि खरं काय ते मला येऊन सांगा.